परतसांगा मॅडम

डॉक्टर टिपणीस कुणालाही काहीही सांगून झालं की लगेच म्हणायच्या, "आता परत सांगा." रक्ताचा रिपोर्ट न्यायला आलेला पेशंट असो, गळका नळ बघायला आलेला प्लंबर असो, नाहीतर आमच्या रुग्णालयाचे अधीक्षक असोत. आपल्या तोंडून निघालेली गोष्ट त्याच्या तोंडून परत ऐकल्याशिवाय त्या माणसाला जागचा हलू देत नसत. कँटीनचे शेट्टीअण्णा एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, मी इतकी वर्षं चहा विकतो. एक साखरेचा, एक बिनसाखरेचा, यात परत काय सांगायचं?" मॅडम म्हणाल्या, "विकता हो. पण बिनसाखरेचा आजवर एकदा तरी आणलात का?"

अंधेरीतल्या त्या जुन्या रुग्णालयात सगळे त्यांना परतसांगा मॅडम म्हणत, अर्थात पाठीमागे. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपली काही खैर नाही. पण त्या म्हणाल्या, "नाव बरोबर आहे. ठेवणाऱ्याने निदान ऐकलं तरी आहे."

त्या पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तलघवीच्या तपासण्यांच्या डॉक्टर. मी तिथे समाजसेविका म्हणून लागले ते ऐंशीच्या दशकातलं सुरुवातीचं एखादं वर्ष असेल. पदवी ताजी होती आणि तिचा वास माझ्या बोलण्याला येत असणार. पहिल्याच दिवशी अधीक्षकांनी मला मॅडमच्या लॅबमध्ये पाठवलं. ठेंगणा बांधा, कडक खळ घातलेली सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी मला थॅलेसेमियाबद्दल थोडक्यात सांगितलं आणि म्हणाल्या, "आता परत सांगा." मी भरपूर इंग्रजी शब्द पेरून छान भाषण ठोकलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "आता मी वेसाव्याची कोळीण आहे असं समजा. मला सांगा." माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. "म्हणजे तुम्हालाही कळलेलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "बसा." दुपारपर्यंत त्या मला अगं-तुगं करायला लागल्या होत्या आणि पुढची सगळी वर्षं मी नुसती 'नीला' होते.

कोळणीला सांगायचं ते असं. काही माणसांच्या रक्तात जन्मापासून एक उणीव असते. ती आईकडून किंवा बापाकडून आलेली असते. अशा माणसाला स्वतःला काही त्रास नसतो, तो होडी वल्हवतो, संसार करतो, म्हातारा होतो. त्याला डॉक्टर 'मायनर' म्हणतात. पण नवरा मायनर आणि बायकोही मायनर असली, तर त्यांच्या पोटी असं मूल येऊ शकतं की ज्याच्या अंगात रक्त टिकतच नाही. त्याला दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, आणि तेच रक्त पुढे त्याच्या काळजाला आणि यकृताला बाधतं. त्या काळात आमच्याकडे येणारी ही मुलं मोठी होत नसत. पोटातल्या बाळाची तपासणी करायची सोय तेव्हा आमच्या पेशंटांपर्यंत पोचली नव्हती. हातात होती ती एकच गोष्ट, लग्नाआधी किंवा मुलाआधी दोघांचं रक्त तपासणं. म्हणजे सुई टोचायची, रिपोर्ट द्यायचा, आणि माणसाने पुढे शहाण्यासारखं वागायचं. यातलं पहिलं सोपं होतं.

'परत सांगा'ची सवय मॅडमना उपजत नव्हती. त्या सवयीला कारण होतं आणि त्या कारणाचं नाव मंदा.

मी मंदाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती लहान मुलांच्या वॉर्डात दर्शूला मांडीवर घेऊन बसली होती. दर्शना दोनेक वर्षांची, पिवळट, पोट फुगलेलं, हाताला रक्ताची नळी. मंदा जेमतेम विशीतली, नाकात चमकी, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, आणि आवाज बाजारात कमावलेला. मॅडम तिच्याशेजारून गेल्या आणि नेहमीप्रमाणे दर्शूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. लॅबमध्ये परत आल्यावर हात धूत म्हणाल्या, "हे मूल माझ्यामुळे आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सांगितलं.

वेसाव्यातल्या एका घरातलं मूल या आजाराने गेलं, म्हणून मॅडमनी त्याच्या सगळ्या नात्यागोत्याचं रक्त तपासलं होतं. गेलेल्या मुलाचा मामा प्रकाश, समुद्रावर जाणारा. तो होडी बंद असायची त्या दिवशी आला. मंदा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी, ती बाजाराच्या सुट्टीला आली. दोघेही मायनर निघाले. मॅडमनी दोघांनाही वेगवेगळं बसवून नीट सांगितलं, की तुला स्वतःला काही होणार नाही, फक्त लग्न ठरलं की समोरच्याचं रक्त तपासून घे. दोघांनीही माना डोलावल्या. पुढल्याच वर्षी दोघांचं एकमेकांशी लग्न झालं.

दर्शू आजारी निघाली तेव्हा मॅडम मंदावर अशा भडकल्या की शेजारच्या एक्स-रे खोलीतली माणसं बाहेर आली. "मी सांगितलं नव्हतं तुला, समोरच्याचं रक्त तपास म्हणून?"

मंदा रडत नव्हती. ती खरोखर गोंधळली होती. म्हणाली, "पण मॅडम, परकाश कुठं समोरचा? तो तर आत्याचा."

हे सांगताना मॅडमनी हात तिसऱ्यांदा धुतले. "समोरचे म्हणजे परके, नीला. लग्नात समोरची पार्टी असते ना, ते. मामाच्या मुलीला कोण समोरची म्हणतं? ती घरातली. घरातलं रक्त कशाला तपासायचं, ते तर आपलंच. तिने मी सांगितलेलं अगदी अक्षरशः पाळलं असतं, समोरचा असता तर." मग टॉवेल खुंटीला लावत म्हणाल्या, "दोघांना एकेकटं मी खरं सांगितलं. दोघांना मिळून ते खोटं झालं. तेव्हापासून मी कुणालाही परत सांगायला लावते."

त्या दिवशी मला त्या वयाने फार मोठ्या वाटल्या. त्या तेव्हा पन्नाशीच्याही अलीकडे होत्या.

'परत सांगा'चा उपयोग होत होता यात शंका नाही. लोक काय काय परत सांगत! एक कारकून म्हणाला, "माझं रक्त पातळ आहे, म्हणून पोरं पातळ होतील." एक बाई म्हणाली, "मीठ कमी खायचं." मीठ हा शब्द मॅडमच्या तोंडून निघालाही नव्हता. पण बाईंच्या सासूबाईंच्या रक्तदाबाला कुणीतरी तसं सांगितलं होतं, आणि रुग्णालयात सांगतात ते सगळं एकच असतं. मॅडम न चिडता पहिल्यापासून सुरू करीत. एरवी नाकावर माशी बसू न देणारी ही बाई अशा वेळी गोगलगायीच्या चालीने चालायची. मी घड्याळ बघितलं की म्हणायच्या, "मुतारीच्या पाटीवर बाण काढतात ना, तेवढ्यावर माणूस पोचतो. आपण पाटी लावतो आणि बाण काढत नाही."

मंदालाही त्यांनी बसवलं, प्रकाशलाही. या खेपेला दोघांना एकत्र. तुम्हा दोघांच्या मुलांमध्ये चारात एक असं आजारी निघू शकतं, असं सांगितलं. "आता परत सांगा." मंदाने परत सांगितलं, "चारात एक." प्रकाशने सांगितलं, "चारात एक." मॅडमनी दुसऱ्या महिन्यात विचारलं, तिसऱ्या महिन्यात विचारलं. दर्शूला रक्त चढत असताना मंदा आपण होऊनच म्हणायची, "चारात एक, मॅडम. पाठ हाय मना." मॅडमचं समाधान झालं. माझंही झालं.

आणि मग एका सकाळी मंदा लॅबच्या दारात उभी राहिली. हातात केळीच्या पानात गुंडाळलेले दोन हलवे मासे आणि तोंडभर हसू. म्हणाली, "मॅडम, म्हावरा आणलाय. आमच्याकडं परत हाय." आणि पोटावर हात ठेवला.

मॅडमनी हातातली काचेची नळी जपून स्टँडवर ठेवली. "मंदा, मी तुला काय सांगितलं होतं?"

"चारात एक."

"मग?"

"मंग काय? आमचा एक झाला ना! दर्शू झाली. आता तीन चांगलेच होणार."

मी मॅडमकडे बघितलं नाही. टेबलावर रबरी बुचं पडली होती, औषधाच्या बाटल्यांची. मॅडमनी त्यातून तीन पांढरी आणि एक लाल उचललं, चष्म्याच्या कापडी पिशवीतून चष्मा काढला आणि बुचं तिच्यात टाकली. "न बघता एक काढ."

मंदाने काढलं. पांढरं. ती हसली.

"परत टाक."

"कशाला?"

"टाक परत. आता पुन्हा काढ."

पांढरं. परत टाक. पांढरं. परत टाक. मंदाला गंमत वाटायला लागली होती. मग लाल निघालं. ती लाल बुचाकडे बघत राहिली आणि तिने मूठ मिटली.

"परत टाक, मंदा."

"हा निघाला ना मॅडम. हा दर्शूचा. आता तीन पांढरेच ऱ्हायले आत."

"नाही गं. दर वेळेला चारही आतच असतात. तू हातातलं आत टाकलंस, की मग दुसरं मूल. लाल पुन्हा येऊ शकतं."

तिला ते कळलं तो क्षण मी बघितला. आधी हसू गेलं, मग हात पोटावरून खाली आला. मॅडमनी पिशवीचं तोंड तिच्यापुढे धरून ठेवलं होतं. मंदाने पिशवीत काही टाकलं नाही. मूठ तशीच मिटून ती उठली आणि निघून गेली. हलवे टेबलावर राहिले. मॅडमनी तिला हाक मारली नाही. थोड्या वेळाने त्यांनी खणातून दुसरं लाल बूच काढून पिशवीत टाकलं आणि चष्मा नुसताच खिडकीत ठेवला. त्या दिवसापासून त्यांच्या चष्म्याला पिशवी नव्हती.

"तिने पाठ केलं होतं," त्या म्हणाल्या. "मी पाठांतर तपासत होते, समज नव्हे." आणि त्यानंतर 'परत सांगा'ला त्यांनी एक शेपूट जोडलं. परत सांगून झालं की विचारायच्या, "मग आता काय करणार?" माणसाला काय कळलंय ते त्याच्या उत्तरात नसतं, तो पुढे काय करणार त्यात असतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे तेव्हा फार मोठं वाटलं नाही. आता वाटतं.

मंदाला मुलगा झाला, किरण. तो काही महिन्यांचा होईपर्यंत काहीच सांगता येत नाही. ते महिने कसे गेले ते आमच्यापैकी कुणालाच विचारू नये. मॅडम देवाधर्माच्या नव्हत्या, पण त्या काळात मंदा एकवीरेला जाऊन आली आणि तिने आणलेला प्रसाद मॅडमनी मुकाट्याने खाल्ला. अखेर किरणचं रक्त तपासलं. आईबापांसारखाच, मायनर. आजार नाही. मंदाने लॅबमध्येच मॅडमच्या गळ्यात हात टाकले, आणि मॅडमच्या खळ घातलेल्या साडीला मासळीचा वास लागला तो संध्याकाळपर्यंत.

ती गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता खरी वाट लागली."

मला त्यांचा राग आला. एवढी आनंदाची गोष्ट, आणि या बाईचं हे!

पण त्यांचंच खरं ठरलं. मंदाची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या, वेसाव्यात वजन असलेली बाई. ती कोळीवाड्यात सांगत सुटली, की डॉक्टरीण उगाच घाबरवत होती. एक खराब निघाला की बाकीचे चांगले, हे आमच्या घरात सिद्ध झालंय, बघा हा किरण. ज्या घरांत आधी एक आजारी मूल होतं, तिथल्या दोन बायका त्या वर्षी धीराने गरोदर राहिल्या. त्यातल्या एकीचं मूल पुढे आमच्याच वॉर्डात दर्शूच्या शेजारच्या खाटेवर आलं. मॅडमनी आपल्या तोंडाने वाड्यात जाऊन किती वेळा सांगितलं असेल. पण हसऱ्या, गुटगुटीत पोरापुढे डॉक्टरणीचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "किरण चांगला निघाला याच्याइतकं सुख नाही मला," त्या म्हणायच्या, "पण एका मुलावरून कायदा काढतात लोक. एकावरून काही सिद्ध होत नाही गं, चांगलंही नाही आणि वाईटही नाही."

याच सुमाराला आमच्या वरच्या एका साहेबांच्या डोक्यात आलं, की उपनगरांतल्या सगळ्या कॉलेजांत शिबिरं भरवायची, लग्नाच्या वयाच्या मुलींचं रक्त तपासायचं आणि हातात कार्ड द्यायचं. मॅडमनी विचारलं, "मुलींचंच का?"

"मुली सापडतात हो, मॅडम. रांगेत उभ्या राहतात. मुलांना कुठे शोधत फिरायचं?"

"मग लग्नं काय मुली एकट्याच करतात?"

साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. आधी एका वस्तीत करून पाहू. वर्षाने घरोघर जाऊन बघू, लोकांनी त्या कार्डाचं काय केलं. फायदा दिसला तर बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत करा, मी स्वतः सुया उकळून देईन. नाही दिसला तर आधी पद्धत सुधारू. साहेबांना एवढा दम नव्हता. दिंडोशीकडच्या एका वसाहतीत पहिलं शिबिर झालं, हारतुरे झाले, फोटो निघाले. मॅडमनी फोटोत उभं राहायला नकार दिला आणि वर्षभराने मला त्या वसाहतीत पाठवलं.

मी जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. एका घरात कार्ड देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे होतं. 'मायनर' लिहिलंय, म्हणजे किरकोळ, देवानेच वाचवलं, म्हणून. दुसरीकडे एक बाप माझ्यावर धावून आला, "आमची मुलगी वीस वर्षांची आहे, मायनर कशी? सज्ञान आहे ती. लग्नाच्या वयाची आहे." आणि एका घरात शिवणाच्या मशीनवर एक मुलगी बसली होती, तिचं ठरलेलं लग्न कार्ड बघून मोडलं होतं. मुलाचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. तपासलं असतं तर बहुधा काहीच अडचण निघाली नसती. मी तिला हे समजावून सांगितलं. तिने मशीन न थांबवता ऐकलं आणि म्हणाली, "आता तुम्ही मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगायला हवं होतं ना." दोघांनी एकत्र येऊन रक्त तपासलं आणि मग विचार करून निर्णय घेतला, असं जोडपं मला त्या अख्ख्या वसाहतीत सापडलं नाही.

मॅडम हे घेऊन बैठकीला गेल्या. मी सोबत होते. साहेब म्हणाले, "मॅडम, अडाणी लोक आहेत, थोडं असं होणारच." मॅडमनी पर्समधून ती पिशवी काढली. "साहेब, दोघे मायनर आईबाप आहेत. चार बुचं आहेत, लाल म्हणजे आजारी मूल. एकेक मूल काढा बरं, न बघता." साहेब खेळकर माणूस. त्यांनी पांढरं काढलं. ते टेबलावर ठेवलं. मग लाल काढलं आणि तेही चहाच्या बशीशेजारी ठेवून म्हणाले, "चला, लाल गेलं. आता आत दोन पांढरीच."

"परत टाका, साहेब," मॅडम म्हणाल्या.

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मॅडमना त्यांचा अपमान करायचा नव्हता, हे मला शपथेवर सांगता येईल. त्या सगळ्या डॉक्टरांकडे बघून अगदी काकुळतीने म्हणाल्या, "हे अडाणीपणाचं नाही हो. सगळ्यांचाच हात तसा जातो. म्हणून तर म्हणते, आधी बघू या."

शिबिरं थांबली नाहीत. हारतुऱ्यांना जसा वेग असतो तसा तो कशालाच नसतो. आमच्या रुग्णालयापुरतं मात्र मॅडमनी करून घेतलं. कार्डावर 'मायनर' शब्द छापायचा नाही. सांगायचं ते मुलामुलीला एकत्र. 'समोरचा' म्हणायचं नाही, 'ज्याच्याशी लग्न, मग तो घरातला असो की परका' असं म्हणायचं. पिशवी फिरवायची. आणि वर्षाने घरी जाऊन विचारायचं, काय केलंत? वर्षानंतरचं ते जाणं माझ्या पायांनी झालं. काही जोडप्यांचं खरंच भलं झालं असं मी बघितलं, पण मॅडमनी त्याबद्दल कधी टाळी घेतली नाही. "अजून थोडी आहेत," म्हणायच्या. "घाई नको."

दशक संपत आलं तेव्हा मॅडमना पोटाचं दुखणं लागलं. ऑपरेशन झालं. तरुण सर्जनने खाटेपाशी येऊन सांगितलं, "काळजी करू नका, यात बरेच जण बरे होतात." मॅडमनी विचारलं, "बरेच म्हणजे किती? तुम्ही बघितलेत की नुसतं वाटतं?" तो बिचारा चाचरला. मॅडम म्हणाल्या, "असू दे. आता परत सांगा, मला नक्की काय झालंय." त्याने सांगितलं. या वेळी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हां. हे कळलं."

बोरिवलीला धाकट्या बहिणीच्या घरी त्या शेवटचे महिने पडून होत्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, माझीही नाही. पिशवी आता माझ्याकडे होती. त्याच महिन्यांत दर्शू गेली. तिचं हृदय थकलं होतं, सगळ्यांना दिसत होतं. शाळेच्या गणवेशाचं माप दिलं होतं, तो शिवून यायच्या आत ती गेली. मॅडमना हे सांगायचं नाही, असं आम्ही रुग्णालयातल्या सगळ्यांनी ठरवलं. त्यांच्या बहिणीनेही हात जोडले होते.

दर्शूचे दिवस झाल्यावर मंदा मला म्हणाली, "मना मॅडमकडं ने." मी तिला वाटेत दहादा बजावलं, की दर्शूचं काढायचं नाही. ती हो म्हणाली.

मॅडम भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मंदा खाटेच्या कडेला जमिनीवर बसली. बराच वेळ ती नुसती त्यांचे पाय चेपत होती. मग तिने लुगड्याच्या गाठीतून काहीतरी सोडवलं आणि मॅडमच्या हातात ठेवलं. मॅडमनी चष्मा न लावताच ते चाचपलं. लाल बूच होतं. इतकी वर्षं तिने ते ठेवलं होतं, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मॅडमनी वळून तिच्याकडे बघितलं. "कधी?"

मंदाने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रडताना बघत होते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

थोड्या वेळाने मंदा बोलायला लागली. आवाज बाजारातलाच, पण खूप खाली. "आत्या माझ्या पाठी लागलीय. बोलते, पोर गेली, तिची जागा भर. बोलते, तुझं दोन पांढरं अजून बाकी हायत. सगला वाडा बोलतो."

"मग आता काय करणार?" मॅडमनी विचारलं. सवयीने विचारलं की काय, मला सांगता येत नाही.

"करून आली," मंदा म्हणाली. "आपरेशन करून आली मी. परकाश सोबत होता. आत्याला घरी जाऊन सांगितलं, दोन बाकी नाय हायत. चारही आतच हायत. मी नाय परत हात घालणार." मग ती माझ्याकडे वळली. "पिशवी हाय ना तुमच्याकडं?"

मी पिशवी काढून तोंड उघडून धरलं. मंदाने मॅडमच्या हातातलं बूच घेतलं, एकदा मुठीत धरलं, आणि आत टाकलं. "टाकला परत," ती म्हणाली.

मग मॅडमचा आवाज आला, खोल गेलेला पण स्पष्ट. "नीला, आता पाच झाली. एक लाल काढ. नाहीतर लोकांना चुकीचं सांगशील."

मी पिशवीत बघितलं. तीन पांढरी आणि दोन लाल. दोन्ही लाल एकाच डब्यातली, एकाच आकाराची, वापरून सारखीच काळवंडलेली. मंदाचं कुठलं ते मला कळेना. मी मॅडमकडे बघितलं.

"कुठलंही काढ," त्या म्हणाल्या. "बुचांना काही आठवत नसतं."

मी एक काढलं. त्यानंतर मॅडम फार दिवस राहिल्या नाहीत. पिशवी मी अजून वापरते, आणि अजूनही लाल निघालं की माणसं मूठ मिटतात. त्या दिवशी बाहेर काढलेलं बूच माझ्या कपाटात आहे. ते दर्शूचं आहे की दुसरं, मला माहीत नाही.